पहिल्यांदाच रस्त्यावरची शर्यत धावताय? दिल्लीतल्या मराठी वाचकांसाठी

पावसाळा सरत आला की ठरावीक प्रश्न यायला लागतात. ऑक्टोबरातल्या दिल्ली हाफ मॅरेथॉनच्या नोंदणीत दहा किलोमीटर आणि त्याहून छोटी अशा दोन्ही धावा दिसतात, त्यातली कुठली घ्यावी? मध्ये चाललं तर बाद करतात का? मैत्रीण आजारी पडली, तर तिचा नंबर लावून मी धावू का? हवा खराब झाली आणि शर्यतच रद्द झाली, तर पैसे मिळतात का? विचारणाऱ्यांत कस्तुरबा गांधी मार्गावर किंवा कॅनॉट प्लेसला नोकरी करणारे असतात, बदली होऊन आलेले अधिकारी असतात, राजेंद्रनगरात यूपीएससीचा अभ्यास करणारी मुलं असतात, आणि पन्नाशीच्या पुढच्या गृहिणीही पुष्कळ असतात. कधी धावलो नाही, पण एकदा करून बघायचंय, एवढी एक गोष्ट सगळ्यांची सारखी. पुण्या-मुंबईच्या वाचकांनाही यातलं बरंच लागू पडेल. हवेचा भाग मात्र खास दिल्लीचा आहे.

आधी शर्यत निवडा, बूट नंतर

दिल्लीत नवख्या माणसासमोर साधारण चार पर्याय असतात.

- दिल्ली हाफ मॅरेथॉन. २००५ पासून होते, सध्या वेदांता कंपनीच्या नावाने. जवाहरलाल नेहरू स्टेडियमपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मुख्य शर्यत २१.१ किलोमीटरची. तुमच्यासाठी त्यात दोन गोष्टी आहेत: वेळ मोजली जाणारी दहा किलोमीटरची शर्यत आणि वेळ न मोजणारी, साधारण पाच किलोमीटरची 'ग्रेट दिल्ली रन'.
- न्यू दिल्ली मॅरेथॉन. ही फेब्रुवारीत होते. पूर्ण मॅरेथॉनसोबत छोटी अंतरंही असतात.
- 'रन फॉर युनिटी'. सरदार पटेल जयंतीला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, २०१४ पासून होते. ही शर्यत नव्हे, नुसती धाव. पैसे लागत नाहीत, स्पर्धाही नाही. गर्दीत धावणं कसं असतं ते बघायला चांगली.
- वसाहतीतल्या धावा. द्वारका, नोएडा, गुरुग्राम इथल्या निवासी संघटना, शाळा, रुग्णालयं आणि धावण्याचे गट ३ आणि ५ किलोमीटरच्या शर्यती भरवतात.

माझं मत विचाराल तर पहिली शर्यत शेवटच्या प्रकारातली घ्या: पाच किलोमीटरची, वेळ मोजणारी, घराजवळची. मोठ्या सोहळ्यातली वेळ न मोजणारी धाव मजेची असते, पण तिथे फलक धरून, फोटो काढत, रस्ताभर पसरून चालणारे लोक इतके असतात की पहिला किलोमीटर त्यांना वळसे घालण्यातच जातो. सोहळा अनुभवायचा असेल तर जरूर जा. आपल्याला पाच किलोमीटर धावता येतं का, एवढंच बघायचं असेल, तर तिथे ते नीट कळत नाही.

दहा किलोमीटरसाठी माझा निकष साधा आहे. आज तुम्ही दहा किलोमीटर सलग चालू शकत असाल आणि हातात तीन महिने असतील, तर घ्या. नाहीतर पाचच घ्या. ऑफिसातल्या गटाने एकत्र नोंदणी करताना सगळ्यांना दहात ओढायची पद्धत आहे. तिथे नाही म्हणायला संकोचू नका.

पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन गोष्टी विचारा: रस्ता वाहनांसाठी बंद होणार आहे की धावपटूंना वाहतुकीच्या कडेने पळायचंय? पोलिसांची परवानगी आहे का? वाटेत पाणी आणि शेवटी रुग्णवाहिका आहे का? नवी दिल्ली भागात जमावबंदीचे आदेश अधूनमधून लागू असतात, त्यामुळे इंडिया गेटच्या आसपास परवानगीशिवाय शर्यत होतच नाही. 'परवानगी येईल हो, तुम्ही पैसे तर भरा' असं उत्तर मिळालं तर थांबा.

मध्ये चाललं तर चालतं

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कुणीही बाद करत नाही. एकच अट बघायची, ती म्हणजे ठरलेल्या वेळेत पोहोचण्याची. आयोजक रस्ता अमुक वाजता वाहनांसाठी खुला करतात आणि त्यानंतर येणाऱ्यांना फुटपाथवर जायला किंवा गाडीत बसायला सांगतात. ही मुदत नियमावलीत दिलेली असते. झपझप चालणारा माणूस तासाला सहा किलोमीटर जातो, म्हणजे पाच किलोमीटरला पन्नास मिनिटं आणि दहाला एक तास चाळीस मिनिटं. मुदत याहून कमी असेल तरच काळजी करा.

धावत-चालत जाण्याची रीत नवख्यांसाठीच आहे, ती लपवायची गरज नाही. आठ आठवडे हातात असतील तर आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती ठेवून, असं करा:

- पहिले दोन आठवडे: १ मिनिट धावा, २ मिनिटं चाला. अशा आठ फेऱ्या.
- तिसरा-चौथा: २ मिनिटं धावा, २ मिनिटं चाला. सात फेऱ्या.
- पाचवा-सहावा: ४ मिनिटं धावा, १ मिनिट चाला. सहा फेऱ्या.
- सातवा: एकदा पूर्ण पाच किलोमीटर, हवं तसं, घड्याळ न बघता.
- आठवा: दोनदाच, वीस-वीस मिनिटं. शर्यतीच्या आदल्या दिवशी काही नाही.

वेग किती? शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, इतकाच. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर तुम्ही जोरात पळताय. बीडच्या अविनाश साबळेने नोव्हेंबर २०२० मध्ये याच दिल्ली हाफ मॅरेथॉनमध्ये साठ मिनिटं तीस सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. हिशेब केला तर किलोमीटरला तीन मिनिटांहून कमी. धावण्याच्या गटात गेलात की असल्या आकड्यांच्याच गप्पा कानावर पडतात. तुमचा आकडा साडेसात-आठ मिनिटं असेल, आणि पहिल्या शर्यतीला तो उत्तम आहे.

एखादा आठवडा चुकला तर मागचाच पुन्हा करा, पुढची उडी मारू नका. नडगीच्या हाडावर दाबलं की दुखतंय, किंवा सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही, असं झालं तर चार-पाच दिवस नुसतं चाला. तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. पोटऱ्या भरून येणं मात्र पहिले पंधरा दिवस चालायचंच.

सराव कुठे करावा

कस्तुरबा गांधी मार्ग, म्हणजे पूर्वीचा कर्झन रोड, कॅनॉट प्लेसच्या बाह्य वर्तुळातून निघतो आणि इंडिया गेटभोवतीच्या षट्कोनी रस्त्याला, सी-हेक्सागॉनला, येऊन मिळतो. एका दिशेने दोन किलोमीटरच्या आतच. नवं महाराष्ट्र सदन इंडिया गेटच्या टोकाला. सदनात मुक्काम असेल तर बाहेर पडून लगेच धावायला लागता येतं. पण ऑफिसांच्या दिवशी सकाळी नऊनंतर हा रस्ता विसरा. रविवारी सहा ते साडेसात या वेळात फुटपाथ बऱ्यापैकी मोकळा असतो. तरी टॉल्स्टॉय मार्ग आणि फिरोजशाह रोडच्या चौकात रिकाम्या रस्त्यावरही गाड्या लाल दिवा तोडून सुसाट येतात. तिथे थांबा, दोन्हीकडे बघा. सरावात घड्याळ थांबवलं तर काही बिघडत नाही.

खुणा ठरवून घेतल्या की बरं पडतं. ब्रिटिश कौन्सिलच्या इमारतीच्या दर्शनी भागावर काळा दगड आणि पांढरा संगमरवर यांतून साकारलेलं वडाचं मोठं झाड आहे, हॉवर्ड हॉजकिन या चित्रकाराने केलेलं. सदनाकडून आलात तर 'वडापर्यंत धावायचं, मग चालायचं' हा पहिल्या महिन्यातला पुरेसा मोठा संकल्प आहे.

रस्ता ओलांडायचा कंटाळा असेल तर सदनाकडून उलट्या दिशेला, कर्तव्यपथावर जा. विजय चौक ते इंडिया गेट साधारण दोन किलोमीटर, जाऊन-येऊन चार. बाजूने लाल ग्रॅनाइटच्या पायवाटा आहेत. पाऊस पडून गेल्यावर त्या निसरड्या होतात, अशा वेळी पावलं लहान टाका. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या तालमींमुळे हा सगळा परिसर अनेकदा बंद असतो. तेव्हा फेब्रुवारीच्या शर्यतीची तयारी लोदी गार्डन किंवा नेहरू पार्कात करायची असं आधीच ठरवून ठेवा.

एकट्या धावणाऱ्या बायकांसाठी दोन शब्द. अंधारात निघू नका, दोन्ही कानात इअरफोन घालू नका, आणि मोबाइलवरून घरच्या एका माणसाला आपलं चालू ठिकाण दिसेल असं करून निघा. कर्तव्यपथावर पहाटेपासून फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. कस्तुरबा गांधी मार्गाच्या ऑफिसांच्या बाजूला रविवारी सकाळी ती नसते.

हवा बघून निर्णय घ्या

२०१७ साली दिल्ली हाफ मॅरेथॉन नोव्हेंबरात होती. हवा इतकी वाईट होती की शर्यत पुढे ढकला अशी मागणी इंडियन मेडिकल असोसिएशनने केली, प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं. शर्यत झाली. पुढच्या वर्षीपासून ती ऑक्टोबरात आली, करोनाचं २०२० वगळता. तरीही दसरा-दिवाळीच्या सुमारास हवा चार दिवसांत पालटते, म्हणून निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायचा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक दिसतो. निरोगी प्रौढासाठी मी पाळतो ती रीत अशी:

- १०० पर्यंत: ठरल्याप्रमाणे धावा.
- १०१ ते २००: धावा, पण वेग आणि वेळ कमी करा. दमा असेल तर चालाच.
- २०१ ते ३००: सराव घरात, जिन्यावर किंवा जिममध्ये. शर्यत याच दिवशी असेल तर जास्तीत जास्त चालत जा.
- ३०० च्या पुढे: बाहेर नको. पदक मिळालं नाही तरी चालेल.

हिवाळ्यात मोठी गफलत वेळेची होते. पहाटेची हवा शुद्ध, असं आपण लहानपणापासून ऐकलंय. दिल्लीच्या थंडीत उलटं असतं. रात्री गार हवेचा थर जमिनीलगत साचतो, धूळ-धूर त्यातच अडकतो, आणि ऊन तापून हवा वर सरकेपर्यंत तो हलत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी सरावाची बरी वेळ दुपारी दोन ते चार. ऑफिसवाल्यांना हे जमणं कठीण आहे, कबूल. शनिवार-रविवारी तरी जमवा.

बूट, कपडे, खाणं

धावण्याचे बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. महागडा कार्बन प्लेटचा बूट पहिल्या शर्यतीला नको. नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत, आणि आयोजकाने दिलेला टी-शर्टही धुऊन, एकदा घालून बघितल्याशिवाय नाही. त्याची शिवण काखेत घासते. काखेत, मांड्यांत आणि पुरुषांनी छातीवर व्हॅसलीन लावावं. बायकांनी खर्च करायचाच तर आधी चांगल्या स्पोर्ट्स ब्रावर करावा, बुटांच्या ब्रँडवर नंतर.

इथे कुणीतरी बारामतीच्या लता करे यांचं उदाहरण देतंच. साठी ओलांडलेल्या लताबाई २०१३ साली नऊवारी नेसून, अनवाणी, बारामतीतली तीन किलोमीटरची शर्यत धावल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते, म्हणून. त्यांच्यावर पुढे चित्रपटही निघाला. 'त्या अनवाणी धावल्या, मग मला बूट कशाला' असा त्यातून अर्थ काढू नका. लताबाईंचे पाय आयुष्यभर शेतमजुरीत तयार झाले होते. खुर्चीवर आठ तास बसणाऱ्याचे तसे नसतात. साडी नेसून धावायला मात्र काहीच हरकत नाही, फक्त तीच साडी नेसून दोनदा सराव करा.

आदल्या रात्री नेहमीचं जेवण, जरा लवकर. सकाळी निघण्याआधी तासभर एक केळं किंवा जॅम लावलेले दोन पाव, आणि ग्लासभर पाणी. शेंगदाणे घातलेले पोहे, मिसळ, साबुदाण्याची खिचडी हे सगळं शर्यतीनंतर, मनसोक्त. पाच किलोमीटरमध्ये प्रत्येक पाण्याच्या टेबलावर थांबायची गरज नाही, तहान लागली तरच दोन घोट. अंग दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊ नका. मूत्रपिंडावर ताण येतो, आणि ज्या दुखण्याने तुम्हाला थांबवायला हवं तेच दबून जातं.

बिब म्हणजे तुमची ओळख

छातीवर लावायचा नंबराचा कागद म्हणजे बिब. मोठ्या शर्यतींत तो सकाळी मिळत नाही. आधीच्या दोन-तीन दिवसांत ठरलेल्या ठिकाणी जाऊन, सरकारी ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. पुण्याहून शनिवारी रात्रीच्या गाडीने येऊन रविवारी धावू, असा बेत इथेच फसतो. दुसऱ्याला आणायला पाठवता येतं का, त्याला कोणतं पत्र लागतं, हे नियमावलीत पाहा.

- बिबच्या मागे रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरच्यांचा नंबर लिहा. ही जागा बहुतेक जण कोरीच सोडतात.
- चारही कोपऱ्यांना सेफ्टी पिना लावा, पोटापाशी नाही, छातीवर. वेळ मोजणारी चिप बिबच्या मागेच चिकटवलेली असते. ती दुमडू नका, जाकिटाखाली झाकू नका.
- दुसऱ्याचा बिब लावून धावू नका, आपला कुणाला देऊ नका. वाटेत चक्कर येऊन पडलात तर डॉक्टर तुमच्या नव्हे, मैत्रिणीच्या नावाने, वयाने आणि रक्तगटाने उपचार सुरू करतील. बाद होणं ही त्यापुढे किरकोळ गोष्ट.

चाळिशी ओलांडली असेल, किंवा रक्तदाब, मधुमेह, घरात कमी वयात हृदयविकार असं काही असेल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. शर्यतीच्या आदल्या दिवशी घाईने आणलेलं प्रमाणपत्र फक्त आयोजकाच्या कामाचं.

शर्यतीची सकाळ

मोठ्या शर्यतीत रस्ते पहाटेच बंद होतात. वाहतूक पोलिसांची सूचना आदल्या दिवशी येते, ती वाचा. रविवारी मेट्रो एरवी उशिरा सुरू होते. शर्यतीच्या दिवशी कधी कधी लवकर सोडतात, पण ते गृहीत न धरता दिल्ली मेट्रोची त्या दिवसाची घोषणा पाहून घ्या. जवाहरलाल नेहरू स्टेडियमचं मेट्रो स्थानक व्हायोलेट लाइनवर आहे. सुरुवातीच्या किमान तासभर आधी पोहोचा, कारण सामान ठेवायची आणि शौचालयाची रांग मिळून अर्धा तास सहज जातो.

उभं राहायचं ते मागे. पुढे उभं राहिलात तर वेगवान लोक धक्के मारत जातील आणि त्यांच्या नादाने तुम्हीही पळाल. वेळेचं नुकसान होत नाही: चिप तुमची वेळ तुम्ही आरंभरेषेवरची पट्टी ओलांडल्यापासून मोजते.

पहिला किलोमीटर मुद्दाम हळू. ढोल वाजत असतात, सूत्रसंचालक ओरडत असतो, आणि सरावात आठ मिनिटांत जाणारा किलोमीटर माणूस साडेसहात पळून जातो. त्याची भरपाई चौथ्या किलोमीटरला करावी लागते. बरगडीखाली कळ आली तर चाला, कमरेत थोडं वाकून लांब श्वास सोडा, दोन मिनिटांत जाते. चालायचं झालं तर हात वर करून रस्त्याच्या कडेला या, मगच वेग कमी करा. शेवटची रेषा ओलांडल्यावर तिथेच थबकून सेल्फी काढू नका. मागून लोक येत असतात, आणि एकदम थांबल्याने चक्करही येते.

छातीत दाब किंवा दुखणं, हाताकडे-जबड्याकडे जाणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, उन्हात घाम अचानक थांबणं, गोंधळल्यासारखं होणं: यातलं काहीही झालं तर लगेच थांबा, जवळच्या स्वयंसेवकाला सांगा किंवा ११२ फिरवा. 'शेवटचे पाचशे मीटरच राहिलेत' हा विचार इथे करायचा नाही. ताप असेल किंवा उतरून दोन-तीनच दिवस झाले असतील, तर आरंभरेषेवर जाऊच नका.

पैसे, परतावा आणि तुमचे हक्क

'शुल्क परत मिळणार नाही' ही अट जवळजवळ प्रत्येक नियमावलीत असते. तुम्ही स्वतः आला नाहीत, तर ती लागू होते, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आयोजकानेच शर्यत रद्द केली, जाहीर केलेलं पदक, टी-शर्ट किंवा वेळ मोजणं दिलं नाही, पाण्याची सोय केलीच नाही, तर गोष्ट वेगळी. पैसे घेऊन कबूल केलेली सेवा न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतली त्रुटी ठरू शकते. नोंदणीच्या वेळी हमीपत्रावर सही केली, म्हणून आयोजकाच्या निष्काळजीपणाची सगळी जबाबदारी संपली, असंही समजू नका. मोफत धावांना मात्र हा कायदा सहसा लागू होत नाही, कारण तिथे तुम्ही काही मोजलेलं नसतं.

- पावती, जाहिरातीचा आणि नियमावलीचा स्क्रीनशॉट नोंदणीच्या दिवशीच जपून ठेवा. नियम नंतर बदलले जातात.
- आधी आयोजकाला लेखी, ईमेलने कळवा आणि उत्तराला पंधरा दिवस द्या. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून टिकत नाही.
- मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.
- तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार 'ई-जागृती' संकेतस्थळावर करता येते, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं.

आठशे-हजार रुपयांसाठी आयोगात जायचं का, हा प्रश्न रास्त आहे. दहा-वीस जणांची तक्रार एकाच वेळी हेल्पलाइनकडे गेली तर आयोजक जास्त लवकर हलतो, म्हणून आपल्या गटातल्या सगळ्यांना तक्रार नोंदवायला सांगा.

निकाल बघताना

निकालात दोन वेळा दिसतात: बंदूक झाडल्यापासूनची आणि चिपची. तुमची खरी वेळ चिपची. मनगटावरच्या घड्याळाने पाच किलोमीटरऐवजी ५.०८ दाखवलं, म्हणून मार्ग चुकीचा मोजला होता असं नाही. प्रमाणित मार्ग वळणांवरची सर्वांत जवळची रेषा धरून मोजतात, शिवाय तो कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. तुम्ही मात्र गर्दीला वळसे घालत जाता. फरक तीन-चारशे मीटरचा असेल तरच आयोजकाला विचारा. नाव चुकलं असेल किंवा निकालात तुम्ही दिसतच नसाल, तर बिबचा आणि शेवटच्या रेषेवरचा फोटो जोडून लगेच, आठवडाभराच्या आत ईमेल करा. नंतर यादी बंद झाली की दुरुस्ती होत नाही.